नाणेघाट ते पंढरपूर : दानलेखांतून धर्माचा इतिहास दाखवणारी अभ्याससहल

हिंदू धर्माच्या इतिहासावर मराठीत ग्रंथ आहेत आणि व्याख्यानेही होतात. मात्र तो इतिहास ज्या दगडांवर कोरला गेला, त्यांच्यासमोर श्रोत्यांना उभे करून तो उलगडून सांगणाऱ्या सहली फार थोड्या निघतात. पुण्यातील एका छोट्या संस्थेने काढलेल्या अशाच एका मुक्कामी अभ्याससहलीविषयी हा अभिप्राय आहे. संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवा स्पष्टपणे मांडायच्या आहेत आणि त्या अशा बहुतेक सहलींमध्ये आढळतात. ‘यज्ञवेदीपासून मंदिरप्रवेशापर्यंत’ असा विषय पत्रकात दिला होता. मार्ग पुणे, जुन्नर, नाणेघाट, नाशिक, वेरूळ, नेवासे, पंढरपूर आणि परत पुणे असा होता.

या सहलीची पद्धत हेच तिचे खरे वैशिष्ट्य आहे. प्राचीन इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक असलेले मार्गदर्शक प्रत्येक ठिकाणी सर्वप्रथम तिथल्या दानलेखाकडे, म्हणजे दानाची नोंद करणाऱ्या कोरीव लेखाकडे नेतात आणि तेच तीन प्रश्न विचारतात : कोणी दिले, काय दिले आणि कोणाला दिले? देवाच्या कथा नंतर येतात, शिल्पाचे सौंदर्य त्याहूनही नंतर येते. ऐकताना ही पद्धत रूक्ष वाटेल; प्रत्यक्षात तिच्यामुळे दोन हजार वर्षांतले बदल ज्या स्पष्टपणे दिसतात, तसे ते मला एकाही व्याख्यानात दिसले नव्हते. धर्मात काय बदलले हे जाणून घ्यायचे असेल, तर माणसे पुण्य कशाला मानत होती आणि त्यासाठी गाठीचे काय देत होती हे पाहावे, असे त्यांचे सूत्र आहे व ते पटते.

निघण्यापूर्वी पुण्यात एक प्रास्ताविक व्याख्यान झाले. वैदिक काळात आजच्या अर्थाने देऊळ नव्हते, मूर्तिपूजाही केंद्रस्थानी नव्हती, आणि ऋचा पाठांतराने जपल्या गेल्या. त्यामुळे त्या काळाचा वेध दगडांतून घेता येत नाही, ही मर्यादा त्यांनी आरंभीच सांगून टाकली. उपनिषदांचा विचार, बौद्ध-जैनांसारख्या श्रमण परंपरांशी झालेला संवाद आणि संघर्ष, तसेच विदिशेजवळच्या बेसनगर येथे हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस वासुदेवासाठी उभारलेला गरुडध्वज एवढी पूर्वपीठिका त्यांनी दिली. व्याख्यान आटोपशीर होते. एक गोष्ट मात्र खटकली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था त्याच शहरात आहे. १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथेच सिद्ध झाली. शेकडो हस्तलिखिते ताडून एका ग्रंथाचे थर वेगळे करण्याचे ते काम या विषयाचे उत्तम प्रवेशद्वार ठरले असते. व्याख्यान तिथे झाले नाही ते नाहीच, त्या आवृत्तीचा उल्लेखही एका वाक्यात आटोपला.

नाणेघाटाची भेट हा या सहलीचा कळस म्हणावा लागेल. घाटमाथ्यावरच्या त्या लहानशा लेण्यात पोहोचल्यावर इतर सहलींत लोक जकातीचा दगडी रांजण आणि कोकणाचा देखावा पाहून परततात. येथे प्रत्येकाच्या हातात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखाच्या पहिल्या ओळींचे ब्राह्मी आणि देवनागरी अक्षरांतले छापील पान देण्यात आले. विजेरीचा झोत भिंतीवर सरळ न टाकता बाजूने तिरपा धरला की झिजलेल्या अक्षरांच्या कडा कशा उठून दिसतात, हे मार्गदर्शकांनी करून दाखवले. दगडावरचे ‘नमो’ बोट न लावता, केवळ नजरेने शोधून काढताना सर्वांना झालेला आनंद खरा होता.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानला जाणारा हा लेख आरंभी धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना (म्हणजे बलराम-कृष्णांना), चंद्र-सूर्यांना आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना वंदन करतो. पुढे अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम असे श्रौत, म्हणजे वैदिक यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे (नाणी) यांची जंत्री येते. येथे मार्गदर्शकांनी बराच वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. ऋग्वेदातल्या सर्वाधिक सूक्तांचा धनी असलेला इंद्र अजून मानाच्या जागी आहे. वृष्णिकुळातले मानले गेलेले दोन वीर त्याच्या पाठोपाठ देवांच्या पंगतीत येऊन बसले आहेत. परंतु वाचता येणाऱ्या भागात देवळाला दिलेले एकही दान नाही. दक्षिणा जाते ती यज्ञातल्या ऋत्विजांकडे, म्हणजे पुरोहितांकडे. वैदिक कर्मकांड आणि उदयाला येणारा वासुदेवभक्तीचा भागवत धर्म एकाच राणीच्या लेखात इतक्या सहजपणे शेजारी नांदताना पाहिले की ‘वैदिक काळ संपला आणि पौराणिक काळ सुरू झाला’ हे पाठ्यपुस्तकी विधान किती ढोबळ आहे ते कळते. मागच्या भिंतीवर सातवाहन कुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज तिथे पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी यांसारखी नावे तेवढी उरली आहेत.

नाशिकला सकाळी त्रिरश्मी डोंगरावरची पांडवलेणी पाहिली. हिंदू धर्माच्या सहलीत बौद्ध लेणी कशाला, असा प्रश्न एका सहप्रवाशाने विचारला. त्याचे उत्तर भिंतीनेच दिले. दहाव्या लेण्यात शक राजा क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आपली दाने मोजून दाखवतो : तीन लाख गायी, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावे, वर्षभर एक लाख ब्राह्मणांना भोजन, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा, तापी, दमणा, डहाणुका इत्यादी नद्यांवर फुकट होड्यांची सोय, आणि हे सगळे सांगून झाल्यावर हे लेणे बौद्ध भिक्षुसंघाला दिल्याची नोंद. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकबम्हण’ (अद्वितीय ब्राह्मण) म्हणते, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला असे सांगते, राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या पराक्रमाशी त्याची तुलना करते, आणि हा मजकूर ज्या लेण्यात आहे ते लेणे भिक्षूंना अर्पण करते. त्या काळच्या दात्याला आपण एका कुंपणाच्या आत आहोत आणि दुसरा बाहेर आहे असे वाटत नव्हते, हे मार्गदर्शकांचे म्हणणे मला मान्य आहे. वर्णसंकर थांबवल्याचा अभिमान मात्र त्यांनी राजस्तुतीचा एक सांकेतिक भाग म्हणून पुढे ढकलला. तो केवळ संकेत नव्हता, याचा पुरावा त्याच शहरात काही किलोमीटरवर उभा आहे आणि तिथेच ही सहल कमी पडली.

काळाराम मंदिराला पत्रकात ‘आधुनिक काळ’ म्हणून स्वतंत्र स्थान होते. प्रत्यक्षात तिथे दर्शन, चहापान आणि काळ्या पाषाणाच्या बांधणीविषयी थोडी माहिती एवढेच झाले. सरदार रंगराव ओढेकरांनी पेशवाईच्या उत्तरार्धात हे देऊळ बांधले, हे सांगितले गेले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष याच देवळाच्या दारांशी आले, दारे बंद करण्यात आली, पुढे रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या खंबीर साथीने हा लढा पुढे काही वर्षे चालू राहिला, ही हकीकत मात्र परतीच्या बसमध्ये, अर्धे लोक पेंगत असताना, दोन-चार वाक्यांत उरकण्यात आली. नाणेघाटातल्या एका ओळीला जो वेळ मिळाला त्याच्या चतुर्थांशही या दरवाजांना मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रवास नाशिकहून निफाड, येवला, वैजापूर या मार्गाने वेरूळकडे झाला. काळारामच्या अनुभवानंतर बाबासाहेबांनी ‘मी हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ज्या येवल्यात केली, त्याच येवल्यातून आमची बस न थांबता गेली. गावाची ओळख पैठणीच्या संदर्भात करून देण्यात आली. हिंदू धर्माचा आधुनिक इतिहास सांगू पाहणाऱ्या सहलीला यापेक्षा महत्त्वाचा थांबा या रस्त्यावर मिळणार नाही आणि तो वाटेतच असल्यामुळे अंतराची सबबही सांगता येणार नाही. मी ही तक्रार आयोजकांकडे लेखी नोंदवली आहे.

वेरूळला मार्गदर्शक पुन्हा आपल्या भूमीवर आले. चौतीस लेण्यांपैकी तेरा ते एकोणतीस ही हिंदू लेणी, त्यांच्या दोन्ही अंगांना बौद्ध आणि जैन लेणी. ही रचना बहुतेकांना ठाऊक असते. त्यांनी पंधराव्या, म्हणजे दशावतार लेण्यापासून सुरुवात केली. राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा लेख तिथल्या मंडपावर आहे. त्याच राजाने उज्जयिनीत हिरण्यगर्भ महादान केल्याचे पुढच्या राष्ट्रकूट ताम्रपटात म्हटले आहे. हे दान पुराणांनी सांगितलेले. नाणेघाटातल्या राजघराण्याने अश्वमेध केला. आठ शतकांनंतरच्या राजाला सार्वभौमत्वाची ग्वाही द्यायची झाली तेव्हा त्याने सोन्याच्या गर्भातून पुनर्जन्म घेण्याचा विधी निवडला. वेदाचे प्रामाण्य शाबूत राहिले, पण राजाचे महत्कृत्य बदलले. ही जोडणी मला सहलीतल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींपैकी एक वाटते.

कैलास लेण्यात सुदैवाने आकडेवारीचा भडिमार झाला नाही. पहिल्या कृष्णाच्या कारकिर्दीत, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, डोंगर माथ्यापासून खाली कोरत हे देऊळ साकारले गेले, आणि ‘हे मी कसे घडवले’ असे नवल खुद्द शिल्पकाराला वाटल्याचे बडोद्याचा ताम्रपट सांगतो, एवढे सांगून त्यांनी आम्हाला महाभारताच्या शिल्पपटासमोर उभे केले. आडव्या ओळींत कोरलेल्या या पटाच्या खालच्या भागात कृष्णाच्या बालपणाचे प्रसंग आहेत. बोटभर उंचीच्या फरकाने एकीखाली एक सरकणाऱ्या त्या ओळी, त्यांतली लहान लहान माणसे, गायी आणि रथ जवळून पाहताना लक्षात येते की नाणेघाटात केवळ एक वंदनीय नाव असलेल्या वासुदेवाला मधल्या काळात गोकुळ मिळाले, आई मिळाली, खोड्या मिळाल्या. आणि तोही शिवाच्या देवळाच्या भिंतीवर सामावला गेला. यज्ञाची वेदी आता दिसत नाही. तिच्या जागी गर्भगृह, प्रदक्षिणापथ, नदीदेवतांचे दालन आणि सप्तमातृका आहेत. रावण कैलास हलवतो त्या प्रसिद्ध शिल्पाजवळ गर्दीमुळे फार थांबता आले नाही, त्याचे वाईट वाटले नाही.

याच टप्प्यावर एक उणीव मात्र राहून गेली. वेरूळहून सहल थेट तेराव्या शतकातल्या नेवाशाला जाते, त्यामुळे भक्ती जणू गोदावरीच्या काठीच उगवली असा श्रोत्यांचा समज होतो. तमिळ प्रदेशातले आळवार आणि नायनार हे संतकवी आपल्या भाषेत विष्णूला व शिवाला आळवत होते ते कैलास लेणे कोरले जाण्याच्या आधीपासून. आणि ज्ञानेश्वरांच्या शतकभर आधी कर्नाटकातल्या कल्याणला (आजचे बसवकल्याण) बसवण्णांनी वचनांतून जातिभेदावर आघात केला होता. सहल महाराष्ट्रातलीच असली तरी एवढा दक्षिणेचा संदर्भ बसमधल्या व्याख्यानात देणे सहज शक्य होते. महानुभावांचा उल्लेख झाला, पण तोही घाईत.

नेवाशाचा पैस खांब बहुतेक सर्वांनी आधी पाहिलेला होता. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी येथे सिद्ध झाली आणि त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, ही श्रद्धा घराघरांत आहे. ज्या गोष्टीकडे कोणी पाहत नाही ती मार्गदर्शकांनी दाखवली : त्या खांबावर एक संस्कृत लेख आहे आणि तो करवीरेश्वर देवाच्या नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. ज्या देवळात कोणीतरी पिढीजात तेलाची तजवीज केली, त्याच्या आधाराने बसून एका तरुणाने संस्कृतातले तत्त्वज्ञान ज्यांना संस्कृत येत नव्हते त्यांच्यापुढे ठेवले. त्याच यादवकाळात हेमाद्री पंडित ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रते, दाने, तीर्थे आणि श्राद्धे यांची प्रचंड संहिता संस्कृतात रचत होता. हे दोन्ही प्रवाह आजच्या मराठी घरात एकत्र वाहतात. श्रावणातली व्रते पाळणारी आजी संध्याकाळी हरिपाठही म्हणते. मार्गदर्शकांनी या दोघांना एकमेकांचे शत्रू ठरवण्याचा मोह टाळला, हे मला योग्य वाटले. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, या प्रसंगावरही त्यांनी सुंदर विवेचन केले.

पंढरपूरला गर्दी होती आणि वेळ थोडा होता, तरी तिथला भाग मनाला भिडला. ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून प्रसिद्ध असलेला यादवकालीन शिलालेख शके ११९५ ते ११९९ या वर्षांतल्या दानांची नोंद करतो. राजा रामचंद्रदेव आणि हेमाद्री यांच्यासारख्या मातब्बरांबरोबर साध्या भाविकांचीही नावे त्यात आहेत. या दगडाला पाठ घासली की चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, या समजुतीने भाविकांनी शतकानुशतके पाठी घासल्या आणि अक्षरे झिजवली. मार्गदर्शकांनी लेखाचा छापील ठसा समोर धरून नावे वाचून दाखवली. राणीपासून सुरू झालेली दात्यांची यादी इथे सामान्य माणसापर्यंत पोहोचते, हा बदल ऐकणाऱ्याला आपोआप उमगला.

नंतर ते आम्हाला महाद्वाराशी, नामदेव पायरीजवळ घेऊन आले आणि चोखामेळ्याच्या समाधीसमोर उभे राहिले. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून येथे समाधी बांधली, ही परंपरा त्यांनी सांगितली. ज्याचे अभंग वारकरी गळ्यात घेऊन चालतात, ज्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा हे सारे अभंगकर्ते होते, त्याला जिवंतपणी दाराच्या आत जाता आले नाही. कोणत्याही दानलेखात त्याचे नाव असण्याची शक्यता नव्हती. मे १९४७ मध्ये याच गावी तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजींनी उपोषण केल्यावर विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडले. पुढे १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांना हात घातला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रदीर्घ दाव्याचा निकाल बडव्यांच्या विरोधात दिला. हे सगळे त्यांनी पायरीशी उभे राहून, सावकाश आणि मनापासून सांगितले. नाशिकला हेच करता आले असते.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. दानलेखांतून इतिहास वाचण्याची पद्धत कितीही फलदायी असली, तरी ती देणाऱ्यांचा इतिहास सांगते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नव्हते आणि ज्याचे दिलेले घेतलेच गेले नसते, त्याचा धर्म कुठे शोधायचा? तो अभंगांत, जात्यावरच्या ओव्यांत, जत्रांत आणि सत्याग्रहांत सापडतो. म्हणून त्या ठिकाणांना शिलालेखाइतकाच वेळ द्यायला हवा. प्रार्थना समाज (१८६७), सत्यशोधक समाज (१८७३) आणि मुंबईतच स्थापन झालेला आर्य समाज (१८७५) या तिन्ही संस्था आठ वर्षांच्या आत उभ्या राहिल्या. एकीने एकेश्वरी उपासना स्वीकारली, दुसरीने भटजीविना विवाह लावले, तिसरीने वेदांकडे परतण्याची हाक दिली. एकोणिसाव्या शतकातले हे मंथन सोलापूर महामार्गावर परतताना ध्वनिक्षेपकातून ऐकवणे हा त्या विषयावर अन्याय आहे.

परतीचा मार्गही बदलायला हवा. फलटण, जेजुरी, सासवड या पालखीच्या वाटेने आले असते तर खंडोबा भेटला असता. लोकदैवत संस्कृत माहात्म्यातून मार्तंडभैरव कसे झाले, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई एकाच देवाच्या दोन बायका कशा, गडावर भंडारा उधळणाऱ्यांत किती जातीजमाती कुळाचार म्हणून येतात, हे जेजुरीशिवाय सांगता येत नाही. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कुटुंबांचा धर्म प्रथम कुलदैवताचा आहे, आणि या सहलीत कुलदैवत नावालाही नव्हते.

व्यवस्थेविषयी थोडक्यात. मुक्काम स्वच्छ होते, जेवण साधे आणि वेळेवर मिळाले, बस आरामशीर होती. संदर्भासाठी दिलेली पुस्तिका उत्तम आहे; तिच्यातले लेखांचे पाठ आणि नकाशे जपून ठेवावेत असे आहेत. नाणेघाट आणि पांडवलेण्यांची चढण यांमुळे गुडघेदुखी असलेल्यांनी आधी विचार करावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हे तारखा निवडताना लक्षात ठेवावे. भर पावसाळ्यात नाणेघाटातल्या लेण्यात ओल आणि गर्दी दोन्ही असतात, अक्षरे नीट दिसत नाहीत. हिवाळ्यातली तुकडी निवडावी. शुल्क इतर सहलींपेक्षा जास्त आहे, परंतु असा मार्गदर्शक मिळत असेल तर ते जास्त नाही. माझ्या पत्राला उत्तर देताना आयोजकांनी पुढच्या तुकडीत येवल्याला मुक्तिभूमीजवळ, म्हणजे बाबासाहेबांच्या त्या घोषणेच्या स्मारकाजवळ, थांबण्याचे मान्य केले आहे. जेजुरीविषयी त्यांनी अजून काही कळवलेले नाही.